‘ऑल सॉफ्टवेअर फ्री’ : संगणकाचे कोटेशन वाचावे कसे

भाच्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याच आठवड्यात माझी बहीण परभणीतल्या एका दुकानातून संगणकाचे कोटेशन घेऊन आली. वहीच्या अर्ध्या पानावर निळ्या शाईत पाच ओळी होत्या : ‘आय-५ कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, २२ इंची एलईडी’. त्याखाली एकूण रक्कम, रकमेशेजारी बारीक अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’, आणि सर्वांत तळाशी दोनदा अधोरेखित केलेली ओळ : ‘ऑल सॉफ्टवेअर फ्री’. बहिणीला सर्वाधिक आवडलेली ओळ ती शेवटचीच होती, आणि माझ्या मते त्या कागदावरची सर्वांत महागडी ओळही तीच होती. असा कागद आपल्याकडे दरवर्षी हजारो घरांत येत असल्यामुळे तो ओळीओळीने कसा वाचावा, हे येथे लिहीत आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एक काम घरी बसून करावे. संगणकावर घरातले कोण काय करणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. पीक विम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा डाउनलोड करणे, मराठी टायपिंगचा सराव, दुकानाचा हिशेब, अभियांत्रिकीची आरेखने आणि रात्रीचा तासभर गेम, असे सगळे प्रामाणिकपणे लिहावे. गेमचा उल्लेख संकोचाने टाळू नये. तो टाळला की मुलगा ‘प्रोजेक्टसाठी लागते’ म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड मागतो आणि पालक ते न समजता घेऊन देतात. मुलगा लातूरला किंवा संभाजीनगरला खोली करून राहणार असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. घरीच राहणार असेल तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो आणि त्याचा बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो.

आता कोटेशनची पहिली ओळ घेऊ. नुसते ‘आय-५’ म्हणजे काहीच नव्हे, कारण हे नाव २००९ पासून चालत आले आहे आणि त्या नावाखाली दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही विकता येतो. त्यापुढचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा. डेस्कटॉपच्या ‘आय-५ ६५००’ मधला सुरुवातीचा ६ म्हणजे सहावी पिढी आणि ‘आय-५ १०४००’ मधला १० म्हणजे दहावी. हा फरक केवळ वेगाचा नाही. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर तसेच टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मोठ्या कंपन्यांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक स्वस्तात बाजारात येतात, त्यामागचे एक कारण हेच आहे. ते घेऊच नयेत असे मी म्हणणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून ते अर्ज भरण्यासाठी आणि टायपिंगसाठी उत्तम चालतात. मात्र त्यांची किंमत त्या हिशेबाने ठरावी.

रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी. तिच्या ओळीत दोन प्रश्न विचारावेत : ८ जीबीची एकच पट्टी आहे का, आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे का. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असेल आणि जादा स्लॉट नसेल तर पुढे ती वाढवता येत नाही. अशा वेळी सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कऐवजी येणारी वेगवान साठवण, हवीच, याबाबत वाद उरलेला नाही. जुन्या संगणकातही हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर तो नव्यासारखा वाटू लागतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’ ही ओळ मात्र हमखास फसवी असते. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी म्हणजे त्याचा वेग नव्हे. २०१४ साली आलेले जीटी ७३० हे कार्डही ४ जीबीमध्ये मिळते. गेमसाठी ते तेव्हाही दुबळेच होते आणि आज प्रोसेसरमध्ये अंगभूत येणारे चांगले ग्राफिक्स त्याला सहज मागे टाकते. भाच्याच्या कोटेशनमध्ये नेमके तेच कार्ड निघाले. ते वगळायला सांगितले आणि वाचलेल्या पैशात रॅमची दुसरी पट्टी बसली. काचेच्या कॅबिनेटमध्ये लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई करणारे पंखेही आम्ही वगळले, त्यावर भाचा दोन दिवस बोलला नाही.

‘जीएसटी एक्स्ट्रा’चा अर्थ असा की ४०,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये चढतात आणि घरातून ४७,२०० रुपये जातात. ‘बिल नको असेल तर तेवढे कमी करतो’ असे कोणी सांगितले तर ते ७,२०० वाचवू नयेत. सुट्या भागांची वॉरंटी बहुतेक वेळा बिलावर आणि सीरियल नंबरवर चालते, आणि तक्रार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर हातात दाखवायला तोच कागद असतो.

आता ती तळाची ओळ. ‘ऑल सॉफ्टवेअर फ्री’ म्हणजे दुकानातला मुलगा पेनड्राइव्हवरून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, टॅली आणि दोन-चार गेम टाकून देतो आणि त्यांचे परवाने ‘क्रॅक’ने, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमने, उघडतो. यात दुकानदाराला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. गिऱ्हाईकच सॉफ्टवेअरचे पैसे द्यायला तयार नसते. पण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी मी असाच एक क्रॅक चालवला होता. चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यात होती आणि मी ती मुकाट्याने पाळली. दोन-तीन दिवसांनी संगणक सुरू केला तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचे एक अनोळखी शेपूट लागलेले होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरमध्ये खंडणी मागणारी एक चिठ्ठी होती. वडिलांच्या जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रे पुन्हा मिळवण्यासाठी मला तलाठी कार्यालयाचे किती हेलपाटे घालावे लागले, ते मोजले तर परवाना फार स्वस्त पडला असता. जो प्रोग्रॅम अँटिव्हायरस बंद करायला सांगतो तो चालवू नये, एवढी एक गोष्ट घरातल्या सर्वांना बजावून ठेवावी.

म्हणून कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरची स्वतंत्र ओळ लिहून घ्यावी आणि तिच्यासमोर रक्कम असावी, मग ती शून्य का असेना. विंडोजचा परवाना मुख्यतः दोन प्रकारे मिळतो. यंत्राबरोबर येणारा ओईएम परवाना स्वस्त असतो पण मदरबोर्डाशी बांधलेला असतो. संगणक बदलला की तो संपतो. रिटेल परवाना महाग असतो, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये बहुधा ओईएम परवाना आधीच असतो, त्यामुळे त्यावर ‘विंडोज टाकण्याचे’ वेगळे पैसे कोणी मागितले तर थांबून विचारावे. इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ बहुतेकदा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालतात, उद्या बंद होतात.

आपला परवाना खरा आहे की नाही, याचा अंदाज दुकानातच घेता येतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अॅक्टिव्हेशन’ उघडावे. तेथे ‘डिजिटल लायसन्स’ असे शब्द दिसले तर बहुधा ठीक आहे. त्याऐवजी ‘ऑर्गनायझेशन्स अॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे दिसले, तर याचा अर्थ हा संगणक स्वतःला एखाद्या मोठ्या संस्थेचा संगणक समजतो आहे. परभणीच्या दोन खोल्यांच्या घरात कोणती संस्था आहे, हा प्रश्न मी दुकानदाराला हसतच विचारला, आणि तोही हसला.

विंडोज सोडले तर घरगुती वापरासाठी फार थोड्या गोष्टी विकत घ्याव्या लागतात, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. अँटिव्हायरससाठी विंडोजचे अंगभूत डिफेंडर घराला पुरेसे आहे. पत्रे, अर्ज आणि तक्ते यांसाठी २०१० साली सुरू झालेले लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे आणि त्यात युनिकोड मराठी, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारी मराठी, नीट चालते. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेले एक्सेलचे तक्ते त्यात कधीकधी विस्कटतात, हे खरे. ज्याच्या नोकरीत असे तक्ते रोज येतात त्याने ऑफिसचा परवाना घ्यावा, बाकीच्यांनी फाइल पीडीएफ करून पाठवावी. अधूनमधून वर्ड लागत असेल तर मायक्रोसॉफ्टचे खाते काढून ब्राउझरमध्ये चालणारे ऑफिस विनामूल्य वापरता येते. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. म्हणून नवे जे काही लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहावे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर क्रॅकची गरजच उरत नाही, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. ऑटोडेस्क कंपनी कॉलेजचा पुरावा दिल्यावर ऑटोकॅड एक वर्षासाठी मोफत देते आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्याचे नूतनीकरण करता येते. टॅली शिकणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाला तिचा शैक्षणिक मोड पुरतो; त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी करता येतात, सरावाला तेवढे पुष्कळ झाले. मोंढ्यातल्या आडत दुकानाचा खरा हिशेब मात्र त्यावर ठेवता येणार नाही. तेथे परवाना घ्यावाच लागतो आणि तो धंद्याचा खर्च म्हणून धरावा. चित्रांसाठी क्रिटा आणि गिंप, त्रिमितीसाठी ब्लेंडर ही सर्व मोफत आहेत आणि ब्लेंडर तर व्यावसायिक कामातही वापरले जाते.

मासिक वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअरे पाच वर्षांच्या हिशेबाने तोलावीत. समजा महिना ५०० रुपये वर्गणी असेल तर पाच वर्षांत ३०,००० रुपये होतात, म्हणजे जवळजवळ दुसरा संगणकच. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नये. वर्गणी थांबवण्याची आठवण करून देणारा तोच एक निरोप असतो.

आता गेमविषयी. गेम ही उधळपट्टी आहे असे मला वाटत नाही. तालुक्याच्या गावी संध्याकाळी मुलांना करण्यासारखे फार काही नसते, आणि तीनशे रुपयांचा गेम तीस तास खेळला तर तासाला दहा रुपये पडतात. प्रश्न असतो तो कोणता गेम, हा. मुलाला दोन-तीन नावे विचारून त्या गेमच्या पानावरची ‘मिनिमम’ नव्हे, ‘रेकमेंडेड’ यंत्रणा पाहावी आणि त्यानुसार ग्राफिक्स कार्ड ठरवावे किंवा वगळावे. व्हॅलोरंटसारखे मोफत गेम साध्या यंत्रावरही चालतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात. रुपयांतला आकडा गेमची कंपनी ठरवते, म्हणून एक गेम डॉलरच्या हिशेबापेक्षा बराच स्वस्त तर दुसरा तितकाच महाग असतो. नवा गेम पहिल्या दिवशी घेण्याचे मला आजवर एकही कारण सापडलेले नाही. जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठे सेल लागतात. खरेदीला १४ दिवस झालेले नसतील आणि खेळून २ तासांहून कमी झाले असतील तर स्टीम साधारणपणे पैसे परत देते, त्यामुळे आपल्या यंत्रावर गेम चालतो की नाही हे पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्यावे. हा गेम खात्याशी बांधलेला असतो, खेळून झाल्यावर मित्राला विकता येत नाही. शिवाय आजचे काही गेम १०० जीबीच्या पुढे जातात. घरात ब्रॉडबँड नसेल आणि मोबाइलचा रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर असा एक गेम उतरवायला ६७ दिवस लागतील, हे गणित मुलाकडूनच करून घ्यावे.

कोटेशनमध्ये कधीच नसते आणि मराठवाड्यात तरी असायलाच हवे, ते म्हणजे विजेचे आणि उन्हाचे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष संगणकात शोधण्याआधी घराची आर्थिंग तपासून घ्यावी. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. साध्या डेस्कटॉपला तो पुरतो, मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या यंत्राला पुरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस मोड’चे बटण आहे का ते पाहावे, कारण साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान दिलेले असते. परभणीत मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ च्या पुढे असतो, तेव्हा खोलीच ती मर्यादा ओलांडून बसलेली असते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यावर उपाय म्हणून संगणक कूलरच्या समोर मात्र ठेवू नये. ती दमट हवा आणि काळ्या मातीची धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो. वर्षातून दोनदा ब्लोअरने धूळ काढून घ्यावी आणि अवजड कामे व गेम पहाटे किंवा रात्री करावेत.

यंत्र ताब्यात घेताना बिलावरचे सीरियल नंबर प्रत्यक्ष भागांवरच्या नंबरांशी जुळवून पाहावेत. खोके आणि आतले थर्मोकोल वर्षभर माळ्यावर जपून ठेवावे. अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा संभाजीनगरला किंवा नांदेडला असते, आणि हिंगोलीहून किंवा गंगाखेडहून मॉनिटर एसटीने न्यायचा झाला तर चादरीत गुंडाळलेला मॉनिटर कसा पोहोचतो, ते मी एकदा पाहिलेले आहे.