फराळाची पहिली ऑर्डर घेण्याआधी

चकलीचा भाव शेजारच्या दुकानात बघून ठरवू नका. एक किलो चकली स्वतः करा आणि वहीत सगळा खर्च मांडा. भाजणी, तेल, तिखट सगळेच धरतात. गॅस, पिशव्या, मोडलेल्या चकल्या आणि स्वतःची मजुरी राहून जाते. पहिल्या दिवाळीत मी कढईच्या तळाशी उरलेलं काळं तेल धरलंच नव्हतं, नफा तिथेच गेला.

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडे नोंदणी आधी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कुणी फी मागितली तर कृपा करून देऊ नका. आणि धंद्याचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका, वेगळं खातं उघडा.