ओळीच्या लांबीचा नियम ठरवताना या चुका टाळा

कोडची ओळ ७९ अक्षरांची की १०० ची, यावर टीम तासभर वाद घालते. खरा घोळ मात्र वेगळाच असतो: प्रत्येक टूलमध्ये आकडा निराळा. पायथॉनचा प्रकल्प घ्या. कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या ब्लॅकची (फॉरमॅटर) मूळ मर्यादा ८८, चुका दाखवणाऱ्या फ्लेक ८ ची (लिंटर) ७९ आणि इम्पोर्ट क्रमाने लावणाऱ्या आयसॉर्टचीही ७९. तिन्ही टूल्स कमिटआधीच्या तपासणीत जशीच्या तशी बसवली, तर ब्लॅकने लावलेली ८५ अक्षरांची ओळ फ्लेक ८ 'ई५०१' (ओळ फार लांब) म्हणून परत पाठवतं. आयसॉर्टने मोडलेले इम्पोर्ट ब्लॅक पुन्हा वेगळे लावतं आणि कमिट काही होत नाही.

आयसॉर्टला 'ब्लॅक' प्रोफाइल (तयार सेटिंगचा संच) दिलं की जुळतं, पण ते ८८ साठी. ब्लॅक १०० वर नेलंत, तर आयसॉर्टची लांबीही वेगळी १०० लिहावी लागते. फ्लेक ८ 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' ही प्रकल्पाची सेटिंग फाइल मुळात वाचतच नाही. त्यात आकडा लिहून "ऐकत का नाही" म्हणून डोकं खाजवू नका. 'सेटअप डॉट सीएफजी', 'टॉक्स डॉट आयएनआय' किंवा 'डॉट फ्लेक ८' या फाइलमध्ये लिहा. नवा प्रकल्प असेल तर सरळ रफ हे एकत्र टूल घ्या, तिथे फॉरमॅटर आणि लिंटर दोघांना एकच आकडा लागतो. मात्र रफमध्ये 'ई५०१' मुळात बंद असतं. लांब ओळी पकडायच्या असतील तर तो नियम स्वतः चालू करा.

आणि त्या उरणारच. ब्लॅक लांब कॉमेंट मोडत नाही, आणि लांब स्ट्रिंगही मूळ सेटिंगमध्ये मोडत नाही. फॉरमॅटर चालवूनही ११० ची ओळ राहिली, तर टूल बिघडलेलं नाही. स्ट्रिंग कंसात घालून दोन तुकड्यांत लिहा. कॉमेंटमधला लांब दुवा स्वतंत्र ओळीवर, '#' चिन्हानंतर एकटाच ठेवला तर फ्लेक ८ सहसा तो सोडून देतं. त्यासाठी 'नोक्यूए' (ही ओळ तपासू नका अशी खूण) लागत नाही. थोडी सूट हवी असेल तर फ्लेक ८ च्या बगबेअर प्लगिनचा 'बी९५०' हा नियम वापरा. तो दहा टक्क्यांपर्यंत ओळ चालवून घेतो, म्हणजे मर्यादा ८० ठेवली की ८८ पर्यंत बोलत नाही. मात्र 'ई५०१' बंद करायला विसरू नका, नाहीतर दोघंही ओरडतील.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर आणखी एक खोच आहे. फ्लेक ८ युनिकोडची चिन्हं मोजतं. 'क्षत्रिय' डोळ्यांना तीन अक्षरी, पण हलन्त आणि वेलांटी धरून त्यात आठ चिन्हं. बाइट मोजणारी एखादी स्क्रिप्ट सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) असेल तर यूटीएफ-८ मध्ये तोच शब्द २४ भरतो. त्यामुळे पडद्यावर आखूड दिसणारी ओळही नापास होते. असे संदेश कोडमध्ये न ठेवता भाषांतराच्या फाइलमध्ये हलवावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मर्यादा बदलताना त्याच कमिटमध्ये कामाचा बदलही घुसवणं. रिव्ह्यू करणाऱ्याला काही दिसत नाही आणि पुढे गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचं नाव येतं. फक्त फॉरमॅटिंगचं कमिट वेगळं करा. मग त्याचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) एका फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल 'ब्लेम इग्नोर रेव्हज फाइल' या सेटिंगमध्ये प्रत्येकाने आपल्या मशीनवर नोंदवा, म्हणजे ब्लेम ते कमिट वगळतं (गिट २.२३ पासून ही सोय आहे). स्क्वॉश करून (सगळी कमिटं एकात गोळा करून) मर्ज करत असाल तर हॅश बदलतो, म्हणून मुख्य ब्रांचमध्ये मर्ज झाल्यावरच तो टिपून घ्या.

त्या वेळी उघड्या असलेल्या ब्रांचमध्ये आधी फॉरमॅटिंगच्या अगदी अगोदरचं कमिट मर्ज करा. मग तीच आवृत्ती, तीच सेटिंग घेऊन फॉरमॅटर चालवा आणि कमिट करा. त्यानंतर फॉरमॅटिंगचं कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने (आपल्याच ब्रांचचा मजकूर ठेवून) मर्ज करा. शेकडो कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवत बसण्यापेक्षा हे बरं. आवृत्ती प्री-कमिटमध्ये (कमिटआधीच्या तपासणीत) आणि सीआयमध्ये एकच असावी, नाहीतर एकाचं 'बरोबर' दुसऱ्याचं 'चूक' ठरतं.

मर्यादा ८८ वरून १०० केली तरी जुने फंक्शन कॉल पाच-पाच ओळींत पसरलेलेच राहिले, तर शेवटचा स्वल्पविराम पाहा. तो असला की ब्लॅक ती यादी मुद्दाम उभी ठेवतं. स्वल्पविराम काढा आणि पुन्हा चालवा.