डॉनी हॅथवे यांचे गाणे ऐकताना: सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतातले गायक आणि पियानोवादक डॉनी हॅथवे यांचे नाव आज ज्याच्या कानावर पडते, त्याला बहुधा त्यांच्या गाण्याच्या आधी त्यांचा मृत्यू कळतो: 13 जानेवारी 1979, न्यूयॉर्कमधील एक हॉटेल, वय अवघे 33, आणि चौकशीअंती आत्महत्येचा निष्कर्ष. हे एकदा मनात बसले की त्यांच्या प्रत्येक आर्त सुरात शेवटाची चाहूल शोधण्याची सवय कानाला लागते, आणि मग गाणे ऐकायचे राहूनच जाते. म्हणून नव्या श्रोत्याने क्रम उलटा करावा, म्हणजे आधी मैफल ऐकावी, मग स्टुडिओतील काम, आणि त्यांच्या मानसिक आजाराविषयी सर्वांत शेवटी वाचावे.

सुरुवात 1972 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइव्ह’ या ध्वनिमुद्रिकेपासून करावी. तिची पहिली बाजू हॉलिवूडच्या ट्रुबॅडूर क्लबमध्ये आणि दुसरी न्यूयॉर्कच्या बिटर एंडमध्ये ध्वनिमुद्रित झाली. दोन्ही जागा लहान असल्यामुळे श्रोत्यांचा श्वाससुद्धा ऐकू यावा इतकी जवळीक त्या ध्वनिमुद्रणात आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका-गीतकार कॅरोल किंग यांचे मैत्रीवरचे गाणे येते. त्याचे ध्रुवपद सुरू होताच सारा क्लब गाऊ लागतो आणि हॅथवे ते श्रोत्यांवर सोपवून इलेक्ट्रिक पियानोवर साथ धरतात. ज्याचा आवाज ऐकायला लोक आले आहेत तो गायक साथीदाराच्या भूमिकेत जातो आणि तरीही गाणे त्याच्याच हातात राहते, ही गोष्ट पहिल्या ऐकण्यात निसटते. त्यामुळे हे गाणे दोनदा ऐकावे: एकदा आवाजाकडे लक्ष देऊन आणि एकदा केवळ त्यांच्या हातांकडे.

आवाजाकडे लक्ष देताना हरकती मोजत बसू नये. सोल गायनात शब्द फिरवून, ताणून, तोडून दाखवणारे गायक पुष्कळ आहेत. हॅथवे मात्र बहुतेक वेळा ओळ सरळ, भरल्या गळ्याने म्हणतात आणि अलंकार ओळीच्या शेवटासाठी राखून ठेवतात, त्यामुळे ती एक जागा आली की अंगावर काटा येतो. पियानोतील सुरावटींना चर्चमधील संगीताचा भरीवपणा आहे, आणि तो कुठून आला हे कळण्यापुरते चरित्र इथे वाचायला हरकत नाही. त्यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1945 रोजी शिकागोत झाला, पण ते सेंट लुइस येथे आजीजवळ वाढले. आजी स्वतः गॉस्पेल, म्हणजे चर्चमधील भक्तिगीते, गाणारी गायिका होती, आणि हा मुलगा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून चर्चमध्ये गात असे. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. चर्चमधील भक्तिभाव आणि विद्यापीठात कमावलेले स्वरसंगतीचे ज्ञान एकाच माणसात असे क्वचितच एकत्र येते.

दुसऱ्या बाजूच्या अखेरीचे तेरा मिनिटांहून मोठे वादन कंटाळवाणे वाटले तरी मध्येच सोडू नये. त्यात बास गिटारवादक विली वीक्स यांना एकट्याने वाजवायला भरपूर वेळ मिळतो. ड्रमवर बसलेले फ्रेड व्हाइट तेव्हा सोळा वर्षांचे होते. इतरांना एवढी मोकळीक देणारा प्रमुख कलावंत किती निर्धास्त असला पाहिजे, हे त्या तेरा मिनिटांत कळते.

यानंतर 1970 आणि 1971 चे स्टुडिओतील दोन अल्बम ऐकावेत, आणि मग 1973 चा ‘एक्स्टेन्शन ऑफ अ मॅन’ मात्र सलग, एका बैठकीत ऐकावा. त्याच्या आरंभी संपूर्ण वाद्यवृंदासाठी स्वतः हॅथवे यांनी रचलेले संगीत आहे, आणि केवळ ‘गायक’ हा शब्द या माणसाला किती अपुरा पडतो हे तिथे उमगते. गायिका रॉबर्टा फ्लॅक यांच्याबरोबरची 1972 ची युगुलगीते त्यानंतर घ्यावीत. दोघांची ओळख हॉवर्ड विद्यापीठातली होती, आणि त्यांच्यातील एका गीताला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

आता आजाराकडे यावे. त्यांना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाने मन ग्रासणारा मानसिक आजार, असल्याचे निदान झाले होते. त्यांना अनेकदा रुग्णालयात राहावे लागले, आणि औषधे नियमित घेतली जात नसत. त्या काळच्या औषधांनी अंग ताठरणे, हात थरथरणे, गुंगी येणे असे त्रास सर्रास होत. बोटांवर ज्याचे जगणे अवलंबून आहे त्याला असे उपचार चालू ठेवणे किती जड जाऊ शकते, याचा विचार केल्यावर ‘औषधे घेत नव्हते’ हे वाक्य दोषारोपासारखे वाचवत नाही.

वाचताना तारखा शेजारी मांडून ठेवाव्यात, ही माझी आग्रहाची सूचना आहे. त्यांचे बहुतेक सारे मोठे काम 1970 ते 1973 या चार वर्षांतले आहे. आजार बळावत गेला तसे ध्वनिमुद्रण आटत गेले आणि 1973 नंतर त्यांच्या हयातीत स्टुडिओतला त्यांचा स्वतंत्र अल्बम आलाच नाही. 1978 साली फ्लॅक यांच्यासह गायलेले एक गीत लोकप्रिय झाले आणि दोघांच्या दुसऱ्या अल्बमचे काम सुरू असतानाच ते गेले. म्हणून ‘वेदनेतूनच अशी कला जन्मते’ अशा धाटणीचे लेख बाजूला ठेवावेत, कारण या माणसाच्या बाबतीत आजाराने गाणे दिले नाही, ते हिरावून घेतले.

शेवटी एक ध्वनिमुद्रण आवर्जून ऐकावे. त्यांची मुलगी लेला हॅथवे वडील गेले तेव्हा दहा वर्षांची होती. तिने त्याच ट्रुबॅडूरमध्ये आपली मैफल ध्वनिमुद्रित केली आणि ती 2015 साली प्रसिद्ध झाली. ‘लिटल घेटो बॉय’ हे गाणे वडिलांच्या 1972 च्या ध्वनिमुद्रिकेतही आहे आणि तिच्या मैफलीतही. आधी वडिलांचे लावावे, ते संपल्यावर थोडे थांबावे, आणि मग तिचे.