फायब्रोमायल्जिया: रोजचं दुखणं वाढवणाऱ्या या चुका टाळा

फायब्रोमायल्जिया, म्हणजे महिनोन्महिने अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेल्या माणसाने सगळ्यात जपून वापरायचा दिवस म्हणजे बरं वाटलेला दिवस. सकाळी अंग हलकं वाटतं आणि आठवडाभर तुंबलेली कामं एकदम आठवतात. माळा झाडायचा राहिलाय, पडदे धुवायचेत, बँकेत जायचंय, सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचंय. संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं, जरा अभिमानही वाटतो. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, खांदे, कंबर, मांड्या अशा धरतात की चहाचं पातेलं उचलवत नाही. मग चार दिवस अंथरुणात, आणि जरा बरं वाटलं की पुन्हा माळ्यावर.

या चक्राने जितकं दुखणं वाढतं तितकं थंडीने किंवा पावसानेही वाढत नसेल, असं माझं मत आहे. उपाय कंटाळवाणा आहे: बऱ्या दिवशी काम कमी करायचं आणि वाईट दिवशी थोडं तरी करायचं. दोन्ही दिवसांतलं अंतर जितकं कमी, तितका आठवडा सुसह्य. काम घड्याळावर लावा, संपण्यावर नको. वीस मिनिटं कपाट आवरलं की उरलेले दोन कप्पे तसेच ठेवून उठायचं. हे जमायला वेळ लागतो, कारण अर्धवट काम टाकून उठणं हा आपल्याकडे आळशीपणा समजला जातो.

दुखतंय म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय, असं धरून चालणं

बाकीच्या बहुतेक चुका इथून निघतात. या आजारात स्नायू फाटलेले नसतात, सांधे झिजत नसतात, सूजही नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात. बॉनेटवर मांजर बसलं तरी गाडीचा अलार्म कोकलावा, तसा साधा दाब, गारठा, घट्ट कपडा यांचाही त्रास होतो. दुखणं शंभर टक्के खरं असतं, फक्त ते दुखापतीची खूण नसतं. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेसाठी ‘नोसिप्लास्टिक’ हा स्वतंत्र प्रकारच मान्य केला.

म्हणूनच एक्स-रे, एमआरआय, आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) सगळं नॉर्मल येतं, आणि घरात कोणीतरी म्हणतं, “रिपोर्ट तर चांगले आहेत, मग दुखतंय काय?” निदान लक्षणांवरून होतं: शरीराच्या अनेक भागांत किमान तीन महिने दुखणं, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, थकवा, शब्द न आठवणं, काही विसरणं. १९९० च्या अमेरिकन निकषांत अठरा ठिकाणी दाबून पाहायचे आणि त्यांपैकी अकरा जागा दुखायला हव्यात अशी अट होती. २०१० पासून नव्या निकषांत ती राहिली नाही. “डॉक्टरांनी नुसतं विचारलं, तपासलंच नाही” ही तक्रार त्यामुळे दर वेळी खरी नसते.

रक्ततपासण्या दुसरं काही सुटू नये म्हणून असतात: थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या), ब-१२, ड जीवनसत्त्व, गरजेप्रमाणे सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते पाहणारी तपासणी). त्या एकदा नीट झाल्या आणि लक्षणं बदलली नाहीत, तर दर सहा महिन्यांनी नवी लॅब गाठण्यात अर्थ नाही. एमआरआय तर उलटा त्रास देऊ शकतो. चाळिशीनंतर अजिबात कंबर न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या रिपोर्टातही ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगलेली) लिहून येतं. ते दोन शब्द वाचले की कमरेला पट्टा लागतो, वाकणं बंद होतं, आणि हालचाल कमी झाल्याने दुखणं वाढतं.

ड जीवनसत्त्वाची एक गोष्ट सांगायलाच हवी. कमतरता असेल तर साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, काही आठवडे, असा कोर्स डॉक्टर देतात. तो संपल्यावरही केमिस्टकडून महिनोन्महिने आणत राहणारे लोक असतात, कोणी आठवड्याची गोळी चुकून रोज घेतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडाला इजा होते.

गोळ्यांच्या बाबतीत

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं मुख्यतः सूज असलेल्या दुखण्यावर चालतात. इथे सूजच नाही, त्यामुळे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पोट आणि मूत्रपिंडं मात्र किंमत मोजतात. सोबत गुडघ्याची झीज असेल तर त्या दुखण्यापुरता फायदा होईल, तेवढाच. स्टेरॉइडचीही या आजारात गरज नसते. कोणी लेबल नसलेलं चूर्ण देत असेल आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. असं चूर्ण बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम न थांबवता आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रत्यक्षात प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, रात्री अगदी थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलिन अशी औषधं दिली जातात. घरी येऊन शेवटच्या दोन्हींपैकी एखादं नाव मोबाइलवर शोधलं की दिसतं: नैराश्यावरची गोळी. “म्हणजे डॉक्टरांना मी वेडी वाटले,” म्हणून ती कचऱ्यात जाते. कारण वेगळं आहे. मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी जी यंत्रणा आहे, ती सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांवर चालते, आणि ही दोन औषधं त्यांवरच काम करतात. प्रिगॅबालिन मात्र नैराश्यावरचं औषध नाही, ते मज्जातंतूंतून जाणारे वेदनेचे संदेश कमी करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रिगॅबालिनला २००७ मध्ये आणि ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये खास फायब्रोमायल्जियासाठी मंजुरी दिली.

चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नका, काही आठवडे लागतात. आणि एकदम तर मुळीच बंद करू नका: चक्कर, मळमळ, बेचैनी होते. सुरुवातीला गुंगी येते, त्या दिवसांत स्कूटी बाजूला ठेवा. दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांनी वेगळ्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल (एक तीव्र वेदनाशामक) असलेली गोळी दिली, तर ड्युलोक्सेटिन चालू असल्याचं आठवणीने सांगा. दोन्ही एकत्र धोक्याची ठरू शकतात. हेही मान्य करून चला की या औषधांचा सगळ्यांना सारखा गुण येत नाही. कोणाला बराच, कोणाला थोडा, कोणाला नाहीच.

“दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला?”

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सगळे उपचार तपासले तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाची केली, औषधांची शिफारस त्याहून कमजोर. घरकाम हा तो व्यायाम नव्हे. पोळ्या लाटणं, वाकून फरशी पुसणं, कपडे पिळणं यात तेच ते स्नायू, त्याच अवघडलेल्या स्थितीत, पुन्हा पुन्हा ताणले जातात. चालणं, पाण्यातला व्यायाम, सावकाश योगासनं यांत सगळं शरीर लयीत हलतं. त्यामुळे घरकामाचा भार हलका करून वाचलेली ताकद चालण्याला द्यायची, हा हिशेब बरोबर.

तो हलका कसा करायचा? कणीक मशीनमध्ये किंवा दुसऱ्याच्या हाताने. ओट्याजवळ उंच स्टूल, भाजी निवडणं-चिरणं बसून. बादली अर्धीच भरायची, फरशीला दांड्याचा मॉप. पोळ्या लाटताना मध्ये दोन मिनिटं हात खाली सोडायचे. दिवाळीचा फराळ एका दिवसात उरकायचा हट्ट नको. चकलीचा सोऱ्या दाबणं हे मनगटांसाठी आणि खांद्यांसाठी फार वाईट काम आहे, ते घरातल्या धडधाकट मुलावर सोपवा. चकल्या वाकड्या येतील, येऊ द्या.

व्यायामातली चूक नेहमी एकच, जास्तीने सुरुवात. पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार किंवा घड्याळातली दहा हजार पावलं, आणि मग “मला व्यायाम सोसत नाही” असा निष्कर्ष. पाच मिनिटं चाला. तीही जड गेली तर तीन. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा. व्यायामानंतर थोडं दुखणारच. एक-दोन दिवसांत ते मूळ पातळीवर आलं तर ठीक, नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, पण बंद नको.

झोप

झोपेची गोळी मागण्याआधी दुपारची दीड तासाची झोप आणि संध्याकाळी सातचा चहा बंद करून पाहा. थकवा आला म्हणून रात्री आठला आडवं होऊ नका, पहाटे तीनला डोळे उघडतात. उठण्याची वेळ मात्र रविवारीही तीच ठेवा. मोठ्याने घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर त्याची वेगळी तपासणी हवी.

घरातल्यांच्या चुका

प्रेमाने पाय रगडून देणारे असतात. जोरात रगडल्याने या आजारात दुखणं वाढू शकतं. हलका हात किंवा गरम पाण्याची पिशवी पुरे. दुसरं, सगळी कामं हातातून काढून घेणं. माणूस पूर्ण बसला की स्नायू ढिले पडतात आणि मनही खचतं. आजारी माणसानेही “बरं आहे” म्हणून दात-ओठ खात राहण्यापेक्षा “आज भाजी मी करते, पोळ्या तुम्ही आणा” असं नेमकं सांगावं.

दुखणं एकाएकी बळावलं तर

आधी मागचे दोन-तीन दिवस आठवा. जास्तीचं काम, लांबचा खड्ड्यांचा प्रवास, जागरण, ताप-सर्दी, पाळी, भांडण, चुकलेली गोळी. बहुतेक वेळा यातलं काहीतरी सापडतं. मग दोन-तीन दिवस कामं निम्म्यावर आणा. शेक, कोमट पाण्याची अंघोळ, घरातल्या घरात दर तासाला थोडं फिरणं. याच दिवसांत नवं औषध, नवा काढा, नवा डाएट सुरू करू नका. त्रास आपोआप उतरला तरी श्रेय त्या काढ्याला जाईल आणि वर्षभर तो प्यावा लागेल.

निदान झालं म्हणून पुढचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर टाकणं हीसुद्धा चूकच. बोटांचे सांधे दिसण्याइतके सुजले, रोज ताप येऊ लागला, वजन आपोआप घटलं, हातापायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. छातीत दुखून घाम फुटला तर थेट हॉस्पिटल. पन्नाशीनंतर प्रथमच दोन्ही खांदे आणि खुबे सकाळी आखडू लागले, तर तो वेगळा आणि उपचाराने लवकर आटोक्यात येणारा आजार असू शकतो. दुखण्याला कंटाळून जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही, मराठीतही बोलता येतं.