ओट एनर्जी बाइट्स: वळायला घेण्याआधीची तयारी

ओव्हन नाही, गॅस नाही. एका भांड्यात सगळं कालवायचं आणि गोळे वळायचे. कृती एवढी सोपी म्हणूनच तयारीकडे दुर्लक्ष होतं. मग गोळे हातात फुटतात, नाहीतर डब्यात एकमेकांना चिकटून त्यांची ढेप होते. भाजणं-शिजवणं नसल्यामुळे चूक आचेवर सावरून घेता येत नाही. जे काही व्हायचं ते वजनकाट्यावर आणि फ्रीजमधल्या अर्ध्या तासात होतं. ही यादी साधारण २३ गोळ्यांसाठी आहे, प्रत्येक गोळा २० ग्रॅमचा.

सगळ्यात आधी ओट्सचं पाकीट वाचा. हवेत ते रोल्ड ओट्स. ते वाफवून मग रुळांखाली चपटे केलेले असतात, म्हणून पुन्हा न शिजवता खाता येतात. स्टील-कट ओट्स म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे. ते मऊ पडायला लागतं तेवढं पाणी या मिश्रणात नसतं, त्यामुळे दाताखाली खडे आल्यासारखं वाटतं. इन्स्टंट ओट्स याच्या उलट: पातळ, बारीक, मध भराभर पिणारे. त्यांचा गोळा छान वळतो, पण चावायला काही उरत नाही. घरात तेच असतील तर आधी ७५ ग्रॅम घाला आणि लागेल तसे वाढवा. साखर किंवा मसाला घातलेलं पाकीट मात्र नको. खाणाऱ्यांपैकी कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असं लिहिलेलंच घ्या. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-बार्लीची भेसळ सहज होते. आणि ओट्स कमी पडले म्हणून कच्चं पीठ घालू नका. ते न शिजवता खाण्याजोगं नसतं.

आता मापं. रोल्ड ओट्स ९० ग्रॅम, पीनट बटर १३० ग्रॅम, मध ११५ ग्रॅम, जवसाची पूड ५० ग्रॅम, चॉकलेट चिप्स ८५ ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. २४० मिलीच्या कपाने मोजायचं तर ओट्स एक कप, पीनट बटर, जवस आणि चिप्स प्रत्येकी अर्धा कप, मध एक तृतीयांश कप. तरी काटा असेल तर काटाच वापरा. ओट्स सैल भरले की कपात ८० ग्रॅम बसतात, ठोकून भरले की १००. आणि मधाचा बराच भाग कपाच्या कडेलाच चिकटून राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या तर मिश्रण कोरडं का झालं हे कळतही नाही. कपाशिवाय इलाज नसेल तर मध मोजण्याआधी कपाला आतून तेलाचा हात फिरवा, मध घसरून पूर्ण खाली येतो. काटा असेल तर भांडं काट्यावर ठेवून शून्य करा आणि मध, पीनट बटर थेट त्यातच घाला. धुवायची भांडीही कमी होतात.

पीनट बटरची बरणी आदल्या दिवशीच उघडून बघा. नुसत्या शेंगदाण्याच्या आणि मिठाच्या पीनट बटरमध्ये तेल वर येतं आणि तळाशी घट्ट गाळ बसतो. वरवरचं घेतलं तर गोळे ओशट आणि ढिले, तळातलं घेतलं तर भुसभुशीत. एकच बरणी, एकच कृती, पण दोन वेळा दोन तऱ्हा होतात त्या बहुतेक वेळा यामुळेच. वरचं तेल ओतून टाकू नका. लांब सुरीने तळापर्यंत ढवळून एकजीव करा. झाकण घट्ट लावून बरणी रात्रभर उलटी ठेवली तर सकाळी ढवळणं सोपं जातं. घट्टपणासाठी वनस्पती तेल घातलेल्या प्रकारात ही कटकट नसते, पण त्यात बहुधा साखरही असते, तेव्हा मध १०० ग्रॅमवर आणला तरी चालतो. बरणी फ्रीजमध्ये असेल तर तासभर आधी बाहेर काढा.

मधाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नाही, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. मध साखरला असेल तर बाटली कोमट-गरम पाण्यात उभी ठेवा, दाणे विरघळतात. मधाऐवजी मेपल सिरप वापरणार असाल तर ते जास्त पातळ असतं, त्याची पकडही कमी. ९० ग्रॅमच घ्या आणि मिश्रण अर्ध्याऐवजी एक तास गार करा. खजूर घ्यायचा असेल तर बिया काढून १५० ग्रॅम. कोरडा असेल तर दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मगच मिक्सरला लावा. पिळायचा कंटाळा केला तर ते पाणी पुढे सगळ्या गोळ्यांना चिकट करतं. ‘बिनबियांचा’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटाने चाचपा; एखादी बी राहते आणि मिक्सरचं पातं जातं.

जवस अख्खं घालू नका, बराचसा न पचताच बाहेर पडतो. पूड करताना मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवला की पूड तापते आणि तेल सुटून भांड्याला चिकटते. तयार पूड असेल तर आधी वास घ्या. ताज्या पुडीला हलका शेंगदाण्यासारखा वास येतो. रंगाच्या डब्यासारखा किंवा माशासारखा वास आला तर ती खवट झाली आहे. मध आणि चॉकलेट तिला झाकू शकत नाहीत. जवसातलं तेल हवेने लवकर बिघडतं, तेव्हा उरलेली पूड हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवा.

चॉकलेट चिप्स छोट्या आकाराच्या घ्या. मोठे तुकडे, अख्खे बदाम किंवा सुक्या मेव्याचे मोठे काप गोळ्याच्या पृष्ठभागातून डोकं वर काढतात आणि तिथूनच भेग पडते. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठं काहीही भांड्यात जाऊ देऊ नका. मीठ गाळू नका; त्याशिवाय सगळं नुसतं गोड-गोड लागतं.

ओट्स भाजणं सक्तीचं नाही, पण वेळ असेल तर कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर पाच ते सात मिनिटं हलवत राहा, खमंग वास सुटला की उतरवा. चवीत मोठा फरक पडतो. फक्त ते पूर्ण गार होऊ द्या. कोमट ओट्सवर चिप्स पडल्या की त्या वितळतात आणि सगळं मिश्रण एका तपकिरी रंगाचं होऊन बसतं.

भांड्यांची यादी लहान आहे: रुंद, खोल भांडं, मजबूत दांड्याचा स्पॅच्युला (पातळ दांडा वाकतो), वजनकाटा, १५ मिलीचा चमचा, बटर पेपर, फ्रीजमध्ये आडवा मावेल असा ट्रे आणि हवाबंद डबा. फ्रीजचा एक कप्पा आत्ताच रिकामा करा. चिकट हातांनी दुधाच्या पिशव्या सरकवत बसावं लागणं हा या कामातला सर्वांत टाळता येण्याजोगा वैताग आहे.

कालवताना क्रम पाळा. आधी पीनट बटर, मध, व्हॅनिला आणि मीठ एका रंगाचं होईपर्यंत फेटा. मग जवस, मग ओट्स, शेवटी चिप्स. ओट्सवर थेट मध ओतला तर तो एका जागी धरून बसतो; काही घास चिकट, काही कोरडे. पीनट बटर फारच घट्ट असेल तर मधासकट वीस सेकंद मायक्रोवेव्हमध्ये सैल करा. बोट बुडवल्यावर कोमट लागावं, गरम नको.

आता भांडं झाकून ३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, आणि त्याआधी काहीही वाढवू नका. नुकतंच कालवलेलं मिश्रण फसवं असतं. ओट्स आणि जवस अजून ओलावा ओढत असतात, पीनट बटर अजून सैल असतं. तेव्हा ते पातळ वाटतं म्हणून ओट्स घातले की अर्ध्या तासाने भुगा होतो, आणि कोरडं वाटतं म्हणून मध घातला की गोळे रात्रभर पाझरतात. अर्ध्या तासानंतर मूठभर मिश्रण घ्या, आवळा आणि मूठ उघडा. बोटांच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या, कडा न तुटलेल्या आणि तळहातावर जेमतेम ओशट चकाकी असेल तर तयार आहे. मूठ उघडताच कडा झडल्या तर एक छोटा चमचा पीनट बटर मळा आणि पुन्हा पाहा. इथे मध नको. मधाने चिकटपणा वाढतो, पण गोळा धरून ठेवायला लागणारा घट्टपणा येत नाही. खुणा उमटून लगेच पसरल्या तर एक मोठा चमचा ओट्स घाला आणि दहा मिनिटं थांबा. चिया घालायचा असेल तर तो अशाच वेळी कामाला येतो, एक मोठा चमचा पुरे. तो आजूबाजूचा ओलावा ओढून घेतो, त्यामुळे आधीच कोरड्या मिश्रणात घालू नका.

वळताना आधी दाबा, मग फिरवा. सैल मिश्रण थेट तळहातांत फिरवलं की बाहेरून गुळगुळीत आणि आतून पोकळ गोळा होतो, तो पहिल्या चाव्यात फुटतो. १५ मिलीचा चमचा जरा वर येईल इतका भरला की २० ग्रॅम होतात, तीन सेंटिमीटरच्या आसपासचा गोळा. पहिले दोन-तीन काट्यावर घातले की हात बसतो. हाताला तेलाचं बोट लावा, पाणी नको; पाण्याने मध वर येतो आणि गोळा निसरडा होतो. पाच-सहा गोळ्यांनंतर हात पुसून घ्या.

ट्रेवर गोळे एकमेकांना न टेकता वीस मिनिटं गार करा, मगच बटर पेपरच्या थरांनी डब्यात भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये तीन महिने. पिकलेलं केळं किंवा ताजी फळं घातली असतील तर हे गणित बदलतं. पाण्यामुळे बुरशी लवकर येते, दोन-तीन दिवसांतच संपवा. प्रोटीन पावडर घालायची असेल तर ३० ग्रॅम ओट्स कमी करून त्या जागी घाला, वरून नव्हे.

प्रवासाच्या डब्याचा विचारही आधीच करा. चॉकलेट शरीराच्या तापमानाच्या अलीकडेच वितळतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत चिप्स टिकत नाहीत. अशा दिवसांसाठी चिप्सऐवजी १५ ग्रॅम कोको पावडर आणि ७० ग्रॅम बारीक चिरलेले बेदाणे घ्या. कोको कोरडा असल्यामुळे एक छोटा चमचा पीनट बटर जास्त लागेल. डबी गोळे एका थरात गच्च बसतील एवढीच असावी, मोकळ्या जागेत ते आपटून फुटतात. एका गोळ्यात साधारण ९० कॅलरी असतात, म्हणून डबीत दोन किंवा तीनच भरा.

डबा दुसऱ्यांपर्यंत जाणार असेल तर त्यावर ‘शेंगदाणे आहेत’ असं ठळक लिहा. ॲलर्जी असेल तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच वजनात चालतं. चव किंचित कडवट येते, मीठ चिमूटभर वाढवा. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा गोळा देऊ नका, छोटे तुकडे करून समोर बसून खाऊ घाला, आणि त्यांच्या वाटणीत अख्खे दाणे नकोत.

फ्रीझरमधले गोळे आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा, किंवा सकाळी तसेच डबीत टाका. तासाभरात चावण्याजोगे होतात. तोवर झाकण उघडू नका. गार गोळ्यावर बाहेरच्या हवेचं दव धरतं आणि वरचा थर चिकट होतो.