‘लो डिस्क स्पेस’ म्हणे, पण कुठल्या डिस्कवर?

सांगली-मिरजेत हार्डवेअर-नेटवर्किंगचा क्लास करून पोरं व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या, दुरून वापरायच्या डेस्कटॉपच्या) सपोर्टला लागली की पहिल्याच महिन्यात ‘लो डिस्क स्पेस’चं तिकीट (तक्रारीची नोंद) हमखास अंगावर येतं. सीनियर ते मुद्दाम नव्या माणसाकडं ढकलतात, कारण दिसायला सोपं. घरच्या पीसीवर सोपंच असतं: टेम्प उडवा, रिसायकल बिन रिकामा करा, संपलं. इथं मात्र डिस्कच्या पोटात डिस्क असते. बोंब एकीची, दुखणं दुसरीचं.

मी सांगलीच्या विश्रामबागेत बसून एका सहकारी बँकेच्या शाखांचा सपोर्ट बघते. मार्च एंडला एका शाखेतून फोन आला, “मॅडम, आउटलुक जागा नाही म्हणतंय आणि सातबाऱ्याची पीडीएफ सेव्ह होईना.” रिमोट घेतला. सी ड्राइव्हवर ४० जीबी मोकळे! अशा वेळी नवा माणूस युजरला “रिस्टार्ट करा” म्हणतो आणि तिकीट बंद करतो. तासाभरात तेच तिकीट परत.

हाच तो सापळा, म्हणून जरा सविस्तर. एफएसलॉजिक्स (प्रोफाइल वेगळं ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) असेल तर युजरचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फायली आणि सेटिंग, सी ड्राइव्हवर नसतंच. ते शेअरवरच्या (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरातल्या) एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये, म्हणजे डिस्कसारखं वागणाऱ्या फाइलमध्ये असतं. लॉगिन करताना ती फाइल डिस्क म्हणून जोडली जाते आणि युजरच्या फोल्डरच्या जागी बसते. तिला ड्राइव्ह लेटर नसतं, त्यामुळं धिस पीसीमध्ये ती दिसत नाही. अ‍ॅडमिन म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली सरका: ‘प्रोफाइल’ आणि पुढं युजरचं नाव असं लेबल असलेला व्हॉल्यूम सापडेल. पॉवरशेलमध्ये गेट-व्हॉल्यूमनंही दिसतो. त्या फोनच्या वेळी तिथं जेमतेम २०० एमबी उरले होते. कुणी सेटिंग बदललेलं नसेल तर या डिस्कची कमाल मर्यादा ३०,००० एमबी, म्हणजे साधारण ३० जीबी. आउटलुकची ओएसटी (मेलची जवळ ठेवलेली प्रत), टीम्सचा कॅशे आणि डाउनलोड्समध्ये साठलेले स्कॅन केलेले उतारे यांना तेवढं भरायला काय वेळ लागतो?

मग डाउनलोड्स साफ केलं, युजर खूश. आता दुसरा पदर, ज्यात माझी सुरुवातीची बरीच झोप गेली. प्रोफाइलमधून १० जीबी उडवले तरी शेअरवरची व्हीएचडीएक्स फाइल होती तेवढीच राहते. ही फाइल गरजेप्रमाणं वाढते, पण आपणहून आकसत नाही. हरिपूरच्या पेवांतून हळद काढली म्हणून खड्डा बुजतो का? तसंच. युजरची तक्रार मिटते, स्टोरेजवाल्यांची नाही, आणि चार दिवसांनी शेअरच भरला की सगळी शाखा एकदम ओरडते. एफएसलॉजिक्सच्या २२१० आवृत्तीपासून लॉगऑफच्या वेळी फाइल आकसून घेण्याची सोय आली आहे आणि ती मुळात चालूच असते. पण युजर खिडकीचा क्रॉस दाबून नुसतं डिस्कनेक्ट करत असेल तर लॉगऑफ होतच नाही, मग आकसणार कधी? जुनी आवृत्ती असेल तर युजर बाहेर असताना फाइल हातानं कॉम्पॅक्ट करावी लागते. ओएसटीचंही हेच. मेल तीन महिन्यांपुरते ठेवले म्हणून ती फाइल लगेच बारीक होत नाही.

मर्यादा वाढवणं सोपं आहे: सेटिंगमध्ये आकडा वाढवला की पुढच्या लॉगिनला डिस्क मोठी होते. पण नंतर आकडा कमी करून ती लहान होत नाही, म्हणून “द्या की ५० जीबी” म्हणणाऱ्याला आधी शेअरवर किती शिल्लक आहे ते विचारा.

आणि काही झालं तरी शेअरवरची व्हीएचडीएक्स डिलीट करायची नाही. “नवीन प्रोफाइल बनेल, काय होतंय” म्हणणारे गुरू भेटतात. त्या माणसाच्या मेलखालच्या सह्या, बुकमार्क, डेस्कटॉपवरच्या फायली सगळं जातं, आणि बॅकअप घेतलाय का हा प्रश्न नंतर सुचतो.

बाकीच्या जागा पटकन. एकाच युजरची बोंब असेल तर प्रोफाइल बघा. एकाच होस्टवरचे (युजर ज्या मशीनवर लॉगिन होतात त्यावरचे) सगळे ओरडत असतील तर त्या होस्टचा सी ड्राइव्ह. तिथं यूजर्स फोल्डरमध्ये ‘लोकल’नं सुरू होणारी अनाथ फोल्डरं साठलेली असतात. वेगवेगळ्या होस्टवरचे एकदम अडकले तर शेअर किंवा डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ठेवायची जागा), आणि डेटास्टोअरवर कुणाचा तरी विसरलेला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) फुगत बसलाय का ते पहिलं बघा. विनएसएक्सएस (विंडोजच्या घटकांचं फोल्डर) मोठं दिसतं म्हणून त्यात हात घालू नका. हार्ड लिंकमुळं (एकच फाइल दोन ठिकाणी दिसते) ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, आणि साफ करायचंच तर डिस्म या विंडोजच्याच कमांडनं, तेही गोल्डन इमेजवर (ज्यावरून सगळी मशीन बनतात त्या मूळ प्रतीवर). नॉन-पर्सिस्टंट (रिस्टार्टला मूळ रूपात येणाऱ्या) मशीनवर केलेली सफाई रिस्टार्टनंतर पाण्यात. यूट्यूबवरच्या ‘एका क्लिकमध्ये सी ड्राइव्ह साफ’ वाल्या बॅच फायली बँकेच्या मशीनवर चालवायचा मोह झाला तर आधी राजीनामा टाइप करून ठेवा.

घाबरू मात्र नका. हे शिकायला महागडा कोर्स लागत नाही. विंडोज प्रो असलेल्या लॅपटॉपवर हायपर-व्ही (विंडोजमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू करा, वाढती व्हीएचडीएक्स बनवा, त्यात एखादा सिनेमा टाका, उडवा आणि बाहेरून फाइलचा आकार बघा. मग पॉवरशेलमध्ये ऑप्टिमाइझ-व्हीएचडी ही फाइल आकसवणारी कमांड चालवून परत बघा. विंडोज सर्व्हरही १८० दिवस फुकट वापरून बघता येतो. माझ्या मते यातून एका संध्याकाळी जेवढं कळतं तेवढं सर्टिफिकेटच्या प्रश्नसंचातून कळत नाही.

तिकीट बंद करताना ‘स्पेस क्लिअर केली’ एवढंच लिहू नका. कुठली डिस्क, आधी किती शिल्लक, नंतर किती, आणि शेअरवरची फाइल आकसली का, एवढं लिहा. शेवटचं उत्तर युजरनं खरोखर लॉगऑफ केल्यावरच मिळतं, म्हणून तोवर तिकीट उघडं ठेवा. एसएलएच्या (तिकीट सोडवायच्या ठरलेल्या मुदतीच्या) नावानं टीम लीड ओरडला तर ओरडू दे.