मराठवाड्यात राहून ग्राफिक डिझाइनचा पहिला व्यावसायिक अनुभव कसा मिळवावा

उपयोजित कला किंवा ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मराठवाड्यातील बहुतेक विद्यार्थ्यांचा असा समज असतो की खरे काम पुण्या-मुंबईच्या एजन्सीतच मिळते आणि पदवी हाती येईपर्यंत आपल्या गावात करण्यासारखे काही नाही. वस्तुस्थिती तशी नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी या शहरांत छापून घेणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती छपाईची प्रक्रिया आणि मराठी अक्षर ही दोन्ही नीट जाणणाऱ्या माणसांची. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ऑनलाइन प्रमाणपत्रे गोळा करण्याआधी जवळच्या छापखान्याची पायरी चढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

छापखान्यात काय शिकावे

छापखान्याच्या मालकाकडे ‘इंटर्नशिप द्या’ अशी मागणी घेऊन गेल्यास बहुधा नकार मिळतो, कारण शिकवायला त्याच्याकडे वेळ नसतो आणि चालू मशीन कोणी बंद ठेवत नाही. त्याऐवजी ‘दुपारनंतर येऊन मराठी मजकुराची प्रुफे वाचून देतो, आलेल्या फायली तपासून देतो आणि ऑपरेटरशेजारी बसून काम पाहतो’ असे नेमके सांगावे. प्रूफ वाचणारा माणूस प्रत्येक छापखान्याला हवा असतो, आणि त्या निमित्ताने टेबलाशेजारी खुर्ची मिळते.

त्या खुर्चीवरून पहिल्यांदा पाहायचे ते रंग. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे शाईचे, त्यामुळे पडद्यावर झळाळणारा निळा किंवा पोपटी रंग सीएमवायके म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईमध्ये छापला की मंद होतो. ग्राहकाला मोबाइलवर नमुना पाठवताना हे आधीच सांगितले नाही तर छपाईनंतर वाद होतो. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, असते. बारीक काळा मजकूर केवळ काळ्या प्लेटवरच ठेवावा, चारही रंगांच्या मिश्रणातून काढू नये, कारण प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग किंवा चित्र, सोडावे आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून तेवढाच, शक्यतो अधिक, आत ठेवावा.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडे ऑफसेटचा कागद प्रामुख्याने २३ × ३६, २० × ३० अशा इंची मापांत येतो, आणि एका तावातून किती नग निघतात यावर कामाचा दर ठरतो. महाविद्यालयात चौकोनी माहितीपत्रक सुंदर दिसते म्हणून गुण मिळतात. पण तेच माप तावात बसले नाही तर उरलेली पट्टी रद्दीत जाते आणि तिचा खर्च ग्राहकाच्या बिलात येतो. यासाठी पडद्यावर रेघ ओढण्याआधी कागदाची घडी घालून डमी करण्याची आणि ती ऑपरेटरला दाखवून माप पक्के करून घेण्याची सवय लावावी.

फ्लेक्सचे गणित निराळे आहे. तेथे माप फुटांत सांगतात, बघणारा दूर उभा असतो, म्हणून १० × ८ फुटांची फाईल ३०० डीपीआयमध्ये (एका इंचात ३०० ठिपके) केल्यास ती केवळ जड होते. प्रत्यक्ष मापाला ७२ ते १०० डीपीआय पुरेसे ठरते. कडेला रिंगा ठोकायच्या असतात किंवा लाकडी चौकटीवर फ्लेक्स दुमडायचा असतो, तेव्हा तीन-चार इंचांची कड मोकळी सोडावी, नाहीतर एखाद्या मान्यवराचे नाव चौकटीमागे जाते आणि हा अपराध डिझाइनच्या दोषापेक्षा मोठा मानला जातो.

विद्यार्थी इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप शिकून येतात, तर येथील बहुसंख्य छापखाने कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर, पुष्कळदा त्याच्या जुन्या आवृत्तीवर, चालतात. कोरलला नाक मुरडण्यात अर्थ नाही. फाईल जुन्या आवृत्तीत कशी जतन करायची, अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय उघडणाऱ्या रेखाकृतींत, कधी बदलायची, आणि बदलण्याआधी दुरुस्त करता येईल अशी मूळ प्रत वेगळ्या नावाने कशी ठेवायची, हे आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडते.

मराठी अक्षर हीच तुमची जमेची बाजू

महानगरातील इंग्रजी माध्यमाच्या डिझायनरला जे सहज जमत नाही ते येथील विद्यार्थ्याला जमू शकते, आणि ते म्हणजे मराठी मजकुराची निर्दोष मांडणी. छापखान्यांतील जुनी कामे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात, तर ग्राहकाचा मजकूर आज व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येतो. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र हमखास बिघडतो. रूपांतरानंतर मजकूर पुन्हा शब्द न् शब्द वाचणे हा कामाचाच भाग समजावा. युनिकोड फॉन्ट वापरतानाही अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरे जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे हलन्त देऊन सुटी होतात, म्हणून नवी फाईल उघडताच ती निवड आधी तपासावी.

महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे निश्चित केली. अनेक देवनागरी फॉन्टांत मात्र मूळ वळण हिंदीचे असते आणि मराठी भाषा निवडल्यावरच योग्य आकार येतो, तर काही फॉन्टांत तो मुळात नसतो. ‘मुक्त’, ‘बालू’, ‘तिरो देवनागरी मराठी’ यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मोफत मिळतात. कोणताही फॉन्ट घेण्यापूर्वी ‘विश्वास, लक्ष्मी, दुसऱ्या, उज्ज्वल, कर्तृत्व, स्मृती’ एवढे शब्द त्यात टाइप करून पाहिले की त्याची परीक्षा होते. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार अशी दोन्हीकडून जागा लागते.

शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्याने या व्यवसायात पडू नये. ‘आशीर्वाद’चे ‘आर्शीवाद’ आणि ‘हार्दिक’चे ‘हार्दीक’ झालेले फलक आपण दर चौकात पाहतो. लग्नपत्रिकेत तीच चूक झाली तर पूर्ण काम परत येते. अंतिम प्रूफवर ग्राहकाची सही, निदान ‘मजकूर तपासला, छापावे’ असा लेखी निरोप, घेतल्याशिवाय फाईल प्लेटसाठी सोडू नये.

काम केव्हा आणि कोणाकडे मागावे

या भागातील छपाईला स्वतःचे पंचांग आहे. खरिपाआधी जालन्याच्या बियाणे व्यवसायाची पाकिटे आणि माहितीपत्रके निघतात, निकालांच्या सुमारास लातूरच्या शिकवण्या जाहिरातींवर उतरतात, पुढे गणेशोत्सव, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, मग दिवाळीच्या तोंडावर दिनदर्शिका आणि डायऱ्या, त्यानंतर लग्नसराई आणि १४ एप्रिलची जयंती. ऐन गर्दीच्या आठवड्यात नवख्या माणसाकडे पाहायला कोणाला सवड नसते, पण त्याच्या महिनाभर आधी गेल्यास हात कमी पडणार हे मालकाला ठाऊक असते.

छापखान्यात हात बसल्यावर स्वतःचा पहिला ग्राहक शोधावा, आणि त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गट यांच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. बीडचे सीताफळ, कुंथलगिरीचा खवा, बोरसुरीची तूरडाळ या मालाला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या मालाची कायदेशीर ओळख) आहे, तरी कितीतरी उत्पादक तो साध्या पिशवीवर स्टिकर चिकटवून विकतात. अशा कामात चित्र शेवटी येते, आधी मजकूर येतो. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ आणि अन्नसुरक्षेचे लेबलविषयक नियम यांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, बॅच क्रमांक, तारखा, घटक पदार्थ, पोषणमूल्ये, १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीतील हिरवा गोल यांची जागा ठरवावी लागते, आणि अक्षरांची किमान उंचीही पाळावी लागते. मानांकनाचे चिन्ह उत्पादक नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता असेल तरच छापावे. ही यादी ग्राहकाकडून लेखी घेऊनच मांडणीला बसावे. ती घेणारा विद्यार्थी पहिल्याच भेटीत व्यावसायिक वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागांतील कारखान्यांत कॅटलॉग, सुरक्षा फलक, प्रदर्शनातील स्टॉल अशी कोरडी पण नियमित कामे असतात. ती ओळखीतून मिळतात, म्हणून महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना विचारावे. दूरच्या एजन्सीत घरबसल्या काम करणेही शक्य आहे. मात्र मानधन, मुदत आणि काम कोणाच्या हाताखाली करायचे हे लेखी कळल्याखेरीज ते स्वीकारू नये.

निवडणुकीची कामे झटपट पैसे देतात, पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७ क नुसार प्रचारपत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. ‘ती ओळ काढून टाक, जागा मोकळी दिसेल’ असे कोणी सांगितले तर काम परत करावे.

पैशाचे बोलणे

‘आधी दोन-तीन नमुने दाखव, आवडले तर पैशाचे बघू’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावे लागते. त्यावर जुनी कामे दाखवावीत, नवे काम मात्र निम्मी रक्कम आगाऊ घेऊनच सुरू करावे. किती नमुने, किती वेळा दुरुस्ती, कोणत्या तारखेला काय मिळणार आणि छपाईचा खर्च वेगळा की एकत्र, हे चार-पाच ओळींत लिहून पाठवावे व होकार लेखी घ्यावा. मामाच्या दुकानाचे किंवा ओळखीच्या संस्थेचे काम फुकट करायचेच असेल तर पूर्ण दराचे बिल करून त्यात सवलत दाखवावी. त्यामुळे कामाची किंमत समोरच्याला कळते आणि पुढच्या वेळी बोलणे सोपे जाते.

खुली फाईल द्यायची की केवळ छपाईची पीडीएफ, हेही आधीच ठरवावे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, त्यामुळे बोधचिन्ह विकत घेणाऱ्याच्याही हिताची गोष्ट म्हणजे एक पानी करार. पॅन कार्ड काढून ठेवावे. कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा होणारा आयकर, कापला तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, मात्र त्यासाठी प्रत्येक बिलाची प्रत जपलेली हवी.

कामाची नोंद

प्रत्येक कामाच्या पाच छापील प्रती मागून घ्याव्यात, त्यांतील एखादी रंग हललेली किंवा चुकीची कापलेली असली तर तीही ठेवावी. पोर्टफोलिओत संगणकावर केलेल्या कृत्रिम मॉकअपऐवजी दुकानाच्या फळीवर उभे असलेले पाकीट, टेबलावर उघडलेले माहितीपत्रक यांची छायाचित्रे घालावीत, शेजारी ग्राहकाची गरज, कागद, छपाईचा प्रकार, प्रतींची संख्या आणि स्वतः नेमके काय केले हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. ऑपरेटरने केलेली मांडणी आपल्या नावावर दाखवू नये. हा व्यवसाय छोटा आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात. ग्राहकाची परवानगी घेण्यास विसरू नये, विशेषतः बाजारात न आलेल्या मालाच्या बाबतीत. छापखाना सोडताना मालकाकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्यावे, आणि त्यात कालावधीबरोबर कोणकोणती कामे हाताळली यांचीही नोंद करवून घ्यावी, कारण महाविद्यालयातील ऑन जॉब ट्रेनिंगच्या श्रेयांकांसाठीही हेच पत्र लागते आणि ते परीक्षेच्या आदल्या दिवशी मागायला गेल्यास मालक लग्नपत्रिकांच्या घाईत असतो.